आवाज वाढवण्याआधी

मैत्रिणींनो, आज जरा वेगळ्याच विषयावर लिहिणार आहे. अ‍ॅम्प्लिफायर! नाव वाचून पान उलटू नका. 'हे तर पुरुषांचं खेळणं, आपला काय संबंध' असं मलाही परवापरवापर्यंत वाटत होतं. पण त्या खेळण्यासाठी दोघांच्या नावावरची एफडी मोडायची वेळ आली, तेव्हा मी चष्मा लावून बसले. आणि एकेक धागा ओढत गेले तर गोष्ट भलतीकडेच जाऊन पोचली.

आम्ही भिवंडीचे. भिवंडी म्हणजे माग. इथे मूल पाळण्यात झोपतं ते मागाच्या खडखडाटावर, आणि माग बंद पडला की दचकून जागं होतं, असं आम्ही थट्टेत म्हणतो. आमचीही आठ मागांची छोटी शेड होती. ह्यांनी ती सव्वीस वर्षं चालवली. सुरुवातीची दहा-बारा वर्षं तर स्वतः मागावर उभं राहून. शेवटी धंदा परवडेना, म्हणून २०१९ साली माग भंगारात गेले. लोखंडाच्या भावानं आयुष्य मोजून घेतल्यासारखं वाटलं तेव्हा. असो.

माग गेले आणि घरात शांतता आली. त्या शांततेत ह्यांचा जुना शौक वर आला. गाणं. घरात सासऱ्यांच्या वेळच्या रेकॉर्डी आहेत. सासूबाई सांगायच्या, १९५५ साली रामनवमीला, १ एप्रिलला, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर 'गीतरामायण' सुरू झालं, तेव्हा शेजारच्या आळीतल्या बायका आमच्या ओट्यावर येऊन बसत. वर्षभरात छप्पन्न गाणी झाली. लोक रेडिओला हार घालायचे, उदबत्ती लावायचे. तेव्हा आमच्या ठाणे जिल्ह्यातच मर्फी रेडिओचा कारखाना होता. रेडिओ म्हणजे घरातला मानाचा पाहुणा. त्या घरातला मुलगा कानवेडा निघाला यात नवल नाही.

ह्यांनी टर्नटेबल नीट करून घेतलं, चांगले उभे स्पीकर घेतले. एक जुना, पण चांगल्या बनावटीचा अ‍ॅम्प्लिफायर होताच. दोन वर्षं मजेत गेली. मग हळूहळू तक्रार सुरू झाली. "आवाज दबलेला वाटतो गं. तानपुऱ्याची जवारी पूर्वीसारखी ऐकू येत नाही. टाळांचा किणकिणाट गेलाय." मी म्हणायचे, "अहो, मला तर छान ऐकू येतंय." त्यावर ठरलेलं उत्तर, "तुला त्यातलं काय कळतं?"

एका रविवारी आम्ही मुंबईला एका दुकानात गेलो. थंडगार खोली, भिंतीला गादीसारखं काहीतरी लावलेलं, मंद दिवे. तिथल्या गृहस्थांनी ह्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, तुमचा प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प दोन्ही वेगवेगळे घ्या, सगळा पडदा दूर होईल. प्रीअ‍ॅम्प पंच्याण्णव हजार, पॉवर अ‍ॅम्प एक लाख पंचेचाळीस हजार. एकूण दोन लाख चाळीस हजार रुपये. तासभर बोलणं झालं त्यात माझ्याकडे एकदाच वळून विचारलं गेलं, "वहिनी, तुम्हाला काळा आवडेल की चंदेरी?"

राग आला, पण त्यापेक्षा हसू आलं. नंतर मुलीनं सांगितलं की या शौकाच्या इंग्रजी मासिकांत १९८०च्या दशकापासून एक शब्दच रूढ आहे, 'वाइफ अ‍ॅक्सेप्टन्स फॅक्टर'. म्हणजे वस्तू दिसायला अशी हवी की बायको घरात येऊ देईल. तिचे कान हिशेबात नाहीत, फक्त डोळे. आणि सही! कारण एफडीच्या कागदावर माझी सही लागणार होती. आता गंमत अशी की याच धंद्यात कॅलिफोर्नियात इव्हॅना मॅन्ली नावाच्या बाई व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर बनवणारी नावाजलेली कंपनी चालवतात. तेव्हा बायकांना यातलं कळत नाही, हे काही खरं नव्हे. आपण विचारत नाही, एवढंच.

मी ठरवलं, सही करीन, पण समजून घेऊन. मुलगी दिवाळीला घरी आली होती, तिला मास्तरीण केलं. जे कळलं ते माझ्या भाषेत सांगते.

प्रीअ‍ॅम्प म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. भाजी निवडणं, धुणं, चिरणं, काय शिजवायचं ते ठरवणं हे तिथं. रेकॉर्ड, सीडी, रेडिओ यातलं काय लावायचं ते तो निवडतो, आणि आवाज किती ठेवायचा तेही त्याच्याच हातात. पॉवर अ‍ॅम्प म्हणजे शेगडी. त्याच्याकडे आच. तयार सिग्नलला तो इतकी ताकद देतो की स्पीकरचा पडदा हलावा.

रेकॉर्डच्या सुईचं मात्र खास आहे. सीडी प्लेअरमधून सुमारे दोन व्होल्ट बाहेर पडतात. साध्या चुंबकी सुईतून येतात अवघे चार-पाच मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टच्या हजाराव्या भागाचे चार-पाच हिस्से. ते शंभरेक पटींनी वाढवावे लागतात. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्जाचा भाग मुद्दाम कमी आणि तीव्र स्वरांचा भाग मुद्दाम जास्त ठेवलेला असतो, नाहीतर खर्जाच्या हेलकाव्यांना खाच पुरणार नाही आणि वरचे बारीक आवाज पृष्ठभागाच्या खरखरीत हरवतील. वाजवताना ते उलटं करून मूळचं माप परत आणायचं. हे काम प्रीअ‍ॅम्पमधला फोनो नावाचा भाग करतो. इतका बारीक सिग्नल इतका वाढवायचा म्हटल्यावर जरा गडबड असली की तीही शंभर पट होऊन ऐकू येते. म्हणून रेकॉर्डी ऐकणाऱ्यानं पैसे घालायचेच तर आधी तिथे घालावेत.

आणि वॉट? हे तर मोठंच कोडं. साठ वॉटचा सोडून एकशेवीस वॉटचा घेतला की आवाज दुप्पट होईल असं आपल्याला वाटतं. तसं नाही. वॉट दुप्पट केले की वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला जेमतेम जाणवेल एवढंच. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दसपट वॉट. आमच्या स्पीकरच्या कागदावर ८७ डेसिबल असं लिहिलं होतं. म्हणजे एक वॉट दिला तर एक मीटरवर तो एवढा आवाज करतो. दिवाणखान्यात बसून, बोलण्यापेक्षा थोड्या मोठ्या आवाजात ऐकायचं तर एक-दोन वॉट पुरतात. तबल्याच्या जोरदार थापेला क्षणभर दसपट-वीसपट लागेल. म्हणजे आमचा साठ वॉटचा जुना गडी अजून दमलेलाच नव्हता.

मग मुलीनं एक युक्ती काढली. दुकानदारानं "दोन दिवस घरी नेऊन ऐका" म्हणून दोन्ही डबे दिले होते, ही त्याची चांगली गोष्ट. आम्ही सगळ्या यंत्रांवर जुनं चादरीचं कापड टाकलं. मुलगी मागे बसून वायरी बदलणार, आम्ही समोर बसून ओळखायचं. पण त्याआधी तिनं इलेक्ट्रिशियनकडून मीटर आणून दोन्हींचा आवाज अगदी सारखा करून घेतला. का, तर किंचित मोठा लावलेला आवाज कानाला नेहमीच 'चांगला' वाटतो. भरलेली थाळी नुसती मोठ्या ताटात वाढली की जास्त वाटते तसं. दुकानात महाग यंत्र जरा मोठ्यानं लागलं, तर आपण तिथेच हरतो.

आधी पॉवर अ‍ॅम्प. दहा वेळा बदलले. ह्यांनी पाच वेळा बरोबर ओळखलं, मी सहा वेळा. नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं. एक लाख पंचेचाळीस हजारांचं नाणं!

मग प्रीअ‍ॅम्प. इथे मात्र मी नऊ वेळा बरोबर. कारण सोपं होतं. आमच्या जुन्या यंत्रात रेकॉर्ड लावली की मागे बारीक 'स्सss' असा आवाज सतत येतो, नव्यात तो जवळजवळ नव्हता. मुलगी म्हणाली, "आईनं बरोबर पकडलं. बाबा, तुम्ही चार वेळाच ओळखलंत. तो सूं आवाज एवढा स्पष्ट येतोय की!"

हे म्हणाले, "कुठला आवाज?"

खोलीत एकदम गप्प झालं. मुलीनं माझ्याकडे बघितलं. सुई वर उचलून ठेवली, आवाज वाढवला. स्पीकरमधून पावसासारखा सूंकार येत होता. हे स्पीकरला कान लावून बसले आणि म्हणाले, "काही नाही येत."

त्या क्षणी माझ्या डोक्यात गेल्या तीन-चार वर्षांतल्या कितीतरी गोष्टी एका माळेत ओवल्या गेल्या. प्लंबरनं 'साठ' रुपये सांगितले, ह्यांनी ऐकले 'आठ', आणि वर त्याच्याशी भांडले. फोन वाजत असतो, हे शेजारी बसून पेपर वाचत असतात. माझ्याशी बोलताना "काय पुटपुटतेस, नीट बोल की" हे तर रोजचं. मी मनाला लावून घ्यायचे. तीस वर्षांच्या संसारात आता हे असे चिडचिडे का झाले, माझं बोलणं नकोसं का झालं, म्हणून कितीदा देवघरापाशी बसून रडले असेन. आणि खरं एवढंच होतं की माझ्या बोलण्यातले 'स' आणि 'श', 'फ' आणि 'थ' त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते.

कानाची तपासणी करायला हे तयार होईनात. "मला ऐकू येतं. लोक नीट बोलत नाहीत." मी म्हटलं, "ठीक आहे, मग मीही सही करत नाही." असं निर्वाणीचं मी आयुष्यात फारसं बोललेले नाही. गेले मग.

तपासणी काही भीतीदायक नसते. एका बंद खोलीत कानाला हेडफोन लावतात, खर्जापासून वरपर्यंत एकेक स्वर अगदी हळू ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचं. अर्ध्या-पाऊण तासात आलेख हातात. त्याला ऑडिओग्राम म्हणतात. तपासणाऱ्या मुलीनं तो समोर ठेवला. खर्जाच्या बाजूला रेघ व्यवस्थित, आणि ४००० हर्ट्झपाशी विहिरीत पडावी तशी खाली गेलेली. दोन्ही कानांत. तिनं विचारलं, "काका, तुम्ही काम कुठे करायचात?"

"भिवंडीत. माग."

"वाटलंच," ती म्हणाली. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं राहिलेल्या कानाची खूण बहुतेक वेळा याच जागी उमटते. मागाच्या शेडमधला आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. आणि सुरक्षित हद्द म्हणून अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्याच्या तज्ज्ञसंस्थेनं सांगितलेली मर्यादा आहे ८५ डेसिबल, तीही आठच तास. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ८८ला चार तास, ९१ला दोन. आमच्याकडे पाळी असायची बारा तासांची. कानाच्या आत केसांसारख्या बारीक पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. दुखत नाही, खुपत नाही. नुसता एकेक स्वर निघून जातो, न सांगता.

ह्यांच्या आलेखात ती रेघ तिथे ६० डेसिबलवर होती. आता आपलं गणित लावा. १० डेसिबलला दसपट, २०ला शंभरपट, तर ६० डेसिबल म्हणजे दहा लाख पट. टाळाचा तो किणकिणाट ह्यांच्या कानाला पुन्हा पहिल्यासारखा लागायचा तर तेवढ्या पटींनी वाढवावा लागणार. दोन लाख चाळीस हजारांत तर नाहीच, पण असा अ‍ॅम्प्लिफायर जगात कुणी बनवत नाही. आणि बनवला तरी उपयोग नाही, कारण अशा कानाचं आणखी एक असतं. बारीक आवाज ऐकूच येत नाही, आणि जरा मोठा झाला की एकदम टोचतो. मधली जागाच राहत नाही.

येताना रिक्षात हे काही बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी एक रेकॉर्ड लावली, आणि आवाज वाढवला नाही. नुसते बसून राहिले.

पुढचे काही महिने सोपे नव्हते. कानाचं यंत्र घ्यायला नकार. चष्म्याची लाज वाटत नाही, कवळीची वाटत नाही, कानाच्या यंत्राची मात्र वाटते. "म्हातारा दिसेन." मी एक दिवस म्हटलं, "अहो, ते यंत्र म्हणजे दुसरं काय आहे? त्यातही माइक आहे, प्रीअ‍ॅम्प आहे, अ‍ॅम्प्लिफायर आहे, छोटा स्पीकर आहे. तुम्हाला वेगवेगळे डबे हवे होते ना, ते सगळे शेंगदाण्याएवढ्या जागेत बसवून दिलेत." हे पटलं की काय कोण जाणे, पण हसले. आणि हसले की माझं अर्धं काम होतं.

यंत्र घेताना आम्ही एक शिकलो, ते तुम्हालाही सांगते. ही यंत्रं मुळात बोलणं ऐकण्यासाठी बसवलेली असतात. बासरीचा लांब स्वर त्यांना कधीकधी यंत्राची शिट्टी वाटते आणि ती तो दाबायला जातात. म्हणून गाणं ऐकणाऱ्यानं संगीतासाठी वेगळी जुळणी करून मागावी. आणि दोन दिवसांत निराश होऊन डबीत ठेवू नये. मेंदूला त्या विसरलेल्या आवाजांची सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिल्या दिवशी ह्यांनी विचारलं होतं, "हा कसला आवाज?" मी पुस्तकाचं पान उलटलं होतं.

यंत्रानं सगळं परत आलं का? नाही, खोटं कशाला सांगू. जवारी ह्यांना पूर्वीसारखी ऐकू येत नाही, येणारही नाही. पण माझं बोलणं ऐकू येतं. भांडण 'साठ'चं 'आठ' म्हणून होत नाही, जे काय होतं ते खरंखुरं होतं.

आणि अ‍ॅम्प्लिफायर? पॉवर अ‍ॅम्प परत पाठवला. सूं आवाज करणाऱ्या जुन्या भागाऐवजी एक साधा, स्वच्छ फोनो प्रीअ‍ॅम्प घेतला, त्या पंच्याण्णव हजारांच्या फार खालच्या किमतीचा. निवडताना कान माझे आणि मुलीचे होते. रंग काळा की चंदेरी, ते ह्यांना विचारलं!

तुमच्या घरी असा बेत शिजत असेल तर चार गोष्टी लक्षात ठेवा. पहिलं, खोली. आपल्या घरांत चकचकीत लाद्या आणि उघड्या भिंती, आवाज त्यावर आपटून घुमतो. जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांचं कपाट, समोरच्या भिंतीवर आजीच्या हातची गोधडी, यानं जो फरक पडतो तो ऐकून मी थक्क झाले. स्पीकर भिंतीला चिकटवू नका, हातभर पुढे घ्या. हे सगळं फुकट आहे. दुसरं, खोलीनंतर स्पीकर, मग रेकॉर्डची सुई, आणि त्यानंतर अ‍ॅम्प्लिफायर. क्रम उलटा झाला की पैसे वाया. तिसरं, यंत्र घरी आणून, आवाज सारखा करून, झाकून ऐका. ओळखता आलं नाही तर घेऊ नका. चौथं, वीज आणि धूळ. घुंईघुंई आवाज येत असेल तर सगळ्या यंत्रांच्या पिना एकाच बोर्डावर लावून बघा, अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तो जिवाशी खेळ आहे. व्हॉल्व्हचं यंत्र दिसायला समईसारखं सुंदर, पण आत तीनशे-चारशे व्होल्ट असतात आणि काच पोळते. नातवंडं रांगत असतील तर विचार करा. आणि आमच्यासारख्या गावात कापसाचे तंतू हवेतच असतात. ते यंत्राच्या जाळीत बसले की ते तापतं. यंत्र बंद करून कोरड्या ब्रशनं जाळी झाडत जा. हे काम शेवटी आपल्याचकडे येतं, तेव्हा यंत्र कुठे ठेवायचं तेही आपणच ठरवावं.

पण मी लिहायला बसले ते एवढ्यासाठी नाही. एक गोष्ट मनात टोचते आहे.

आमच्या शेडमध्ये एक चाचा होते. उत्तर प्रदेशातून आलेले. वीस वर्षं आमचे माग त्यांनी चालवले. हे नंतर पेढीवर बसू लागले, चाचा मागांच्या मध्येच उभे राहिले. आम्ही सगळे म्हणायचो, चाचा फार ओरडून बोलतात. सणाला फराळ न्यायला मुलं गेली की त्यांची नक्कल करायची. त्यांच्या कानाचा आलेख कधी कुणी काढला नाही. आम्हीही नाही. कानात घालायचे स्पंजचे बोळे काही रुपयांत मिळतात. सव्वीस वर्षांत ते आणावेत असं आम्हा मालकांना एकदाही सुचलं नाही. १९४८च्या कारखाना कायद्यानं आवाजामुळे येणारा बहिरेपणा कामाच्या आजारांच्या यादीत घातला होता, हे मला आता कळलं. आमच्यासारख्या गल्लीबोळातल्या शेडपर्यंत ती यादी कधी पोचली नाही, आणि आम्ही शोधायला गेलो नाही. माग गेले तेव्हा चाचा गावी परतले. ह्यांनी परवा त्यांना फोन लावला. दोघांचंही अर्धं बोलणं एकमेकांना कळलं नाही. शेवटी त्यांच्या सुनेनं फोन घेतला आणि सांगितलं, "अब्बा को कम सुनाई देता है, बहुत साल से."

ह्यांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "माझ्या दोन लाखांच्या यंत्राचा हिशेब आपण केला. याचा कोण करणार?" तिला जिल्हा रुग्णालयात नेऊन चाचांची तपासणी करायला सांगितलंय, खर्च आमच्याकडे. उशीर झालाय, हे ठाऊक आहे.

आणि बायका? शेडच्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या, कांड्या भरणाऱ्या, त्याच आवाजात पोरांना निजवणाऱ्या. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत लिहिली आहे. आमच्या कितीतरी वस्त्यांत भिंतीपलीकडे माग रात्रभर चालतो. त्या बायकांना ऐकू कमी येतं हे कुणाच्या लक्षातच येत नाही, कारण त्यांना कुणी फारसं काही विचारतच नाही.

म्हणून एवढंच सांगते. तुमच्या घरात कुणी माग, सायझिंग, गिरणी, फॅब्रिकेशन, बँडपथक, डीजे असल्या आवाजात वर्षं काढली असतील, टीव्हीचा आवाज दर वर्षी एकेक घर वर जात असेल, 'काय म्हणालीस?' दिवसातून दहादा येत असेल, तर भांडू नका. कान तपासून घ्या, आणि तुमचेही घ्या. जिल्हा रुग्णालयांत विचारा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३पासून हेच काम करते. कमी उत्पन्न असलेल्यांना कानाच्या यंत्रासाठी सरकारी मदतीची योजनाही आहे, तिची चौकशी करा. ज्यांच्या घरी अजून माग चालू आहेत त्यांनी उद्याच्या बाजारात बोळ्यांची दोन-चार पाकिटं आणा. एक घरच्या माणसासाठी, बाकीची कामगारांसाठी. आधी त्यांच्यासाठी.

काल संध्याकाळी ह्यांनी रेकॉर्ड लावली. मी आत पोळ्या करत होते. मी आपली सवयीनं पुटपुटले, "किती मोठा लावलाय." बाहेरून लगेच उत्तर आलं, "कमी करतो, कमी करतो!"

तवा खाली उतरवून मी जरा वेळ तशीच उभी राहिले.